बंद फोनांची यादी

"आपण कुणाचं काही वाचत नाही," असं साहेब नव्या माणसाला छाती फुगवून सांगत. ते खरंच होतं. निरोपांना लावलेली कुलपं फोडायच्या भानगडीत सरकार पडत नसे, गरजच नव्हती. कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला आणि तेव्हा तो कुठे उभा होता, एवढ्यावर माणूस सोलून निघायचा. सोलायचं काम तिचं. एकोणीस वर्षं ती याद्या जुळवत होती. गर्भपाताच्या दवाखान्याला फोन करून लगेच आईला फोन लावणारी पोरगी, दर पगाराला दुसऱ्याच घरी थांबणारा मास्तर, सगळे तिला ठाऊक. घरी गेल्यावर ती आधी कोपरापर्यंत हात धुवायची. तरी शिसारी जात नसे.

त्या गुरुवारी नवं काम आलं. नळाच्या पाण्याचे तपासणी अहवाल बदलले जातात, अशी बातमी छापून आली होती. पोरंबाळं आजारी पडली होती, पण चौकशी पाण्याची नव्हती. बातमी बाहेर कुणी दिली, त्याची होती.

"बातमीदाराला संशयास्पद फोन एकही नाही," साहेब म्हणाले. "पण दर बुधवारी एक ते दोन त्याचा फोन बंद असतो. त्याच वेळात आणखी कुणाचा बंद असतो, ते काढा. संध्याकाळपर्यंत द्या."

तिनं नऊ बुधवार एकावर एक ठेवले. शेवटी एकच नंबर उरला. तो तिच्या धाकट्या भावाचा होता. भाऊ पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता.

तिला स्वतःचीच किळस आली. तीन महिन्यांपूर्वी जेवता जेवता त्यानं विचारलं होतं, "ताई, आपले निरोप कुणी वाचतं का गं?"

"काही प्रकरण आहे वाटतं!" ती हसली होती. "वाचत नाही रे कुणी. कोण कुणाजवळ आहे, एवढं बघतात. भेटायला जाशील तेव्हा फोन बंद करून जा."

शहाणपणा पाजळला होता नुसता! आता त्याला सावध करावं तर फोनची नोंद होणार. जेवणाच्या सुट्टीत तिनं आपला फोन चालू ठेवून टेबलावरच सोडला आणि चालत प्रयोगशाळा गाठली. जिन्यात उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"तू देणार आहेस का माझा नंबर?"

"वेडा आहेस का? पण तू आता बुधवारी कुठेही जाऊ नकोस."

परत येऊन तिनं ती ओळ पुसली आणि कोरी यादी साहेबांपुढे ठेवली. "कुणी सापडलं नाही, साहेब."

साहेबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "एकोणीस वर्षांत तुमचा फोन तुम्हाला सोडून कधी राहिला नव्हता, बाई. आज फाटकावरच्या नोंदीत तुमचं कार्ड बाहेर गेलेलं आणि फोन पन्नास मिनिटं टेबलावर. म्हणून मी तुमच्या हाताखालच्या नव्या माणसाकडून यादी पुन्हा काढून घेतली. चांगलं शिकवलंत हो त्याला."

त्यांनी दुसरा कागद तिच्याकडे सरकवला. त्यावर भावाचा नंबर छापलेला होता, आणि त्याखाली पेनानं लिहिलेला तिचा.