आठवड्याची पुडी

दोन हजार बावीस साल. मी सत्तर वर्षांचा होतो. शाळा माझी दुसरीपर्यंतच. मराठी अक्षरं जुळवून जुळवून वाचतो, इंग्रजी येत नाही. पण हे मी तेव्हा कोणाला कळू देत नव्हतो. डॉक्टरनं चिठ्ठी हातात दिली की चष्मा लावून वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची, मान हलवायची आणि खिशात टाकायची. अर्धी जिंदगी असंच चाललं.

त्या साली बायकोचे गुडघे आणि कंबर धरली. मंगरूळपीरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं रक्त तपासलं आणि म्हणाला, ड जीवनसत्त्व फार कमी आहे, ते उन्हातून मिळतं. मी म्हटलं, "डॉक्टरसायब, हे बाई चाळीस वर्षं शेतात उन्हातच निंदन करून राह्यली. अजून किती ऊन पायजे?" तो हसला. अंग झाकलेलं असतं, वय झालं की कातडीचा जोर कमी होतो, असं काहीतरी बोलला. मग आठ पुड्या लिहून दिल्या. दर रविवारी एक पुडी दुधातून, आठ आठवडे, मग पुन्हा तपासू. मला चांगलं ऐकू आलं होतं. समजलंही होतं. त्यामुळे गैरसमज झाला असं मी कुठंच म्हणू शकत नाही.

दोन रविवार गेले. गुडघा होता तसाच. मला ते आठवड्याचं गणित पटेना. आमच्याकडे फवारणीच्या औषधाच्या डब्यावर माप लिहिलेलं असतं, एका पंपाला इतकी टोपणं. त्या मापानं कोणी फवारत नाही. सगळे एक टोपण वरून घालतात. मीही आयुष्यभर घातलं, आणि माझ्या तुरीवर अळी टिकली नाही म्हणून गावात मान ताठ ठेवून फिरलो. लिहिणारा घाबरून कमी लिहितो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. सोमवारी मी स्वतःच दूध तापवलं आणि पुडी घातली.

बायको म्हणाली, "डॉक्टर तं रविवारी म्हनत होते."

"त्याले काय, दुखनं लांबलं तं त्याचंच बरं. पी."

"मी काय पऱ्हाटी आहो, रोज फवाराले?"

"पी म्हनलं ना."

तिनं पिऊन टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात पुड्या संपल्या. औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, त्याच्या बापापासूनची ओळख.

"काकाजी, ह्या तर दोन महिन्यांच्या होत्या."

"सांडल्या."

"आठही?"

"तुले दुकान चालवाचं हाय का चौकशी?"

"चौकशीच करतो," तो शांतपणे म्हणाला. "ही पुडी लय जोरदार असते. डॉक्टरचा कागद आणा, मग देतो." चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर त्यानं मला कागद मागितला, हेच मला लागलं. मी तिथून सरळ वाशिमची बस धरली. तिथं मला ओळखणारा कोणी नव्हता. हातात रिकामी पुडी धरली, तशाच तीस मागितल्या, मिळाल्या. पुढे दोन वेळा तसंच केलं.

पहिला महिना तिला जरा हलकं वाटलं. तेव्हा मी सुनेसमोर बोलूनही दाखवलं की डॉक्टरकी मलाही येते. तिसऱ्या महिन्यात तिचं जेवण सुटलं. भाकरी समोर आली की मळमळ. पोट साफ होईना. पाणी पिऊन पिऊन तहान जाईना, आणि तासातासाला लघवीला उठायची. मग बोलणं भरकटायला लागलं. दुपारच्याला विचारायची, सकाळ झाली काय.

सून बारावी शिकलेली. तिनं विचारलं, "मामाजी, आईले पुड्या कशा देऊन राह्यले तुमी?"

"आठवड्याले एक," मी म्हटलं.

ते तोंडातून निघालं आणि मग मला मागं घेता आलं नाही. अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं, मी तेच सांगितलं. बाईंनी बायकोलाही विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. तिला गुंगी होती म्हणून ती बोलली नाही, असं मी माझ्या मनाला समजावलं. ती माझी लाज राखत होती.

चार दिवस ते तिच्यात आजार शोधत राहिले. रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, मूत्रपिंडं मंदावलीत, कारण सापडत नाही. सलाईन चालू. कुठं गाठ आहे का म्हणून फोटो काढले. रोज रक्त काढायचे, दोन्ही हात काळेनिळे झाले. पाचव्या दिवशी दुपारी बाई म्हणाल्या, आता कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून तपासावा लागेल. बायकोनं ते ऐकलं. खाटेची दांडी धरली आणि रडायला लागली. तेव्हाही तिनं माझं नाव सांगितलं नाही.

मी बाईंच्या मागं गेलो. सून तिथंच होती. म्हटलं, "पुडी रोज देल्ली."

बाईंनी पेन खाली ठेवला. "किती दिवस?"

"तीन महिने."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर आकडे लिहून दाखवले. माणसाला दिवसाला लागतात सहाशे ते आठशे युनिट. आपल्या मनानं रोज चार हजारांच्या वर कोणीच जायचं नाही. आणि त्या एका पुडीत साठ हजार. म्हणून ती आठवड्याला एक, तीही थोडेच आठवडे, तीही डॉक्टरच्या नजरेखाली. "बाबा, हे लघवीतून निघून जात नाही. अंगातल्या चरबीत साठतं, महिने महिने राहतं आणि रक्तात कॅल्शियम वाढवतं. बी जीवनसत्त्वाच्या गोळीसारखं नाही हे."

"आता?"

"आता कारण कळलं, तसं औषध देता येईल. सुई नको. पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी होतील असं मी म्हणणार नाही."

झालीही नाहीत. आज ती उठते, बोलते, पण दर महिन्याला रक्त तपासावं लागतं आणि शेत तिनं पुन्हा पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी सुनेनं माझ्यासमोर डबा ठेवला आणि तोंड फिरवून बसली. मी जेवलो. भूक लागली होती, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स नवी गोळी घेऊन आली आणि सवयीनं माझ्या हातावर ठेवायला लागली. बायकोची शुद्ध रात्रीतून बरीच परत आली होती. ती उशीवरून म्हणाली, "त्यायच्या हाती नोका देऊ, बाई. सुनेजवळ द्या."

बाजूच्या खाटेवरच्या माणसांनी वळून पाहिलं. मी हात मागं घेतला. गिलास विसळला, पाण्यानं भरला आणि सुनेच्या हातात दिला.