मिठाच्या पाण्यातला अर्धा तास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या मास्साबांचे. उज्जैनच्या शाळेत ते गणित शिकवत, आणि इतरांसारखं आम्ही मराठी मुलंही त्यांना मास्साबच म्हणायचो. माझे वडील गिरणीत होते. मॅट्रिकनंतर मीही तिथंच जायचं, हे घरात ठरलेलं होतं. मास्साब घरी आले, वडिलांसमोर बसले आणि कॉलेजचा फॉर्म भरूनच उठले. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर झालो तो त्या संध्याकाळमुळे.

वर्गात वाचून दाखवताना ते एका हातात पुस्तक धरत आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं नाकाचा शेंडा वर उचलून ठेवत. आम्हांला हसू यायचं. त्यांची नक्कल सगळ्यांत चांगली मी करायचो. डॉक्टरी शिकायला लागल्यावर कळलं, की ती लकब नव्हती. लहानपणी नाकात गळू होऊन आतली कूर्चा झडून गेली होती. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात बोटांना लागतं तसलं लवचिक हाड. तो आधार गेल्यामुळे शेंडा खाली बसला होता. तो उचलला तरच श्वास नीट आत जाई.

मी इस्पितळात एका सर्जनसाहेबांच्या हाताखाली लागलो, तेव्हा नवं मध्य प्रदेश राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. रोज कुणाची तरी बदली भोपाळला होई, साहेबांचीही झाली. बरगडीतली कूर्चा काढून तिची पट्टी दोन नाकपुड्यांच्या मध्ये टेकूसारखी उभी करणं त्यांना फार छान जमे. साहेब जाण्याआधी मास्साबांच्या नाकाचं ऑपरेशन व्हावं म्हणून मी माधव नगरला त्यांच्या घरी गेलो.

"या वयात नाक कुणाला दाखवू रे, बेटा?" ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "श्वास मात्र पाहिजे. एकदा दोन्ही हातांत पुस्तक धरून वाचायचं आहे."

ऑपरेशन तेवढ्याच जागा बधिर करून झालं. मास्साब जागे होते. साहेबांनी बरगडीतला तुकडा काढून माझ्या हातात दिला. "पट्टी तासून मिठाच्या पाण्यात ठेव. अर्धा तास थांब. वाकायची असली तर तिथंच वाकेल." आणि ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

मी पट्टी तासली. सुरेख सरळ दिसत होती.

"झालं का?" चादरीखालून मास्साबांचा आवाज आला.

"होत आलं, मास्साब."

"इतनी जल्दी? गणिताचा पेपर नाही ना हा? उत्तर तपासायची तुला कधी सवय नव्हती."

नर्स हसली. मीही हसलो. शाळेत पेपर सर्वांत आधी मीच द्यायचो. दहा मिनिटांत पट्टी पाण्यातून उचलली. साहेबांनी परत येऊन विचारलं, "अर्धा तास झाला?" मी हो म्हणालो. त्यांनी ती बसवली आणि चार दिवसांनी भोपाळला गेले.

दोन महिने मास्साब सकाळी राम घाटाच्या पायरीवर दोन्ही हातांत वर्तमानपत्र धरून बसत. मी मुद्दाम तिकडून जायचो. मग शेंडा हळूहळू डावीकडे झुकला.

"हे असं का?" त्यांनी विचारलं.

"सूज आहे. उतरेल."

त्यांनी ते खरं मानलं. वाण्यानं विचारलं, पोस्टमननं विचारलं, तरी त्यांचं उत्तर एकच: "आमचा डॉक्टर म्हणालाय, सूज आहे." बोट पुन्हा नाकाला लागलं. तीन वर्षं ते माझं खोटं गावाला सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो. ते पुन्हा टेबलावर कधीच आले नाहीत. शेवटी मी पत्र लिहिलं, त्यानंतरही नाही. पत्र असं होतं:

मास्साब,
ती सूज नव्हती. पट्टी वाकली आहे. ती अर्धा तास पाण्यात ठेवून बघायची होती, मी दहा मिनिटांत उचलली. साहेबांना खोटं सांगितलं, मग तुम्हांलाही. आता कुणी विचारलं तर सूज म्हणू नका, माझं नाव सांगा. बरगडीत अजून कूर्चा आहे. इंदूरला चांगले सर्जन आहेत, त्यांच्याकडून करून घेऊ. मी आत येणार नाही. तुमचं पुस्तक घेऊन बाहेर बाकावर बसेन.