हिच्या माथी मारलेला दोष

माझ्या फुप्फुसात गाठ दिसली तेव्हा घरात सगळ्यांनी कॅन्सरच धरला होता. गाठीचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला नाही. मुलगा आईला फोन करायला बाहेर पळाला. डॉक्टरांनी मला मात्र बसवून ठेवलं.

"रक्तात सिफिलिस निघालाय. खूप जुना. क्वचित तो फुप्फुसात अशी गाठ करतो. इंजेक्शनांनी जाईल. पण पत्नीलाही तपासायला हवं." मग त्यांनी विचारलं, "त्यांची मुलं दगावली होती का?"

"दोन. पोटातच."

"आता खात्रीने सांगता येणार नाही, पण कारण हेच असू शकतं."

लग्नाआधी मी कापडाच्या खरेदीला परगावी जायचो. तिथे एकदा नको त्या ठिकाणी गेलो. नंतर एक व्रण उठला, दुखला नाही, आपोआप बरा झाला. मी विसरलो. पुढे दोन मुलं मेलेली जन्मली, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, हिच्या पत्रिकेत सर्पदोष काढला. इथल्या कानडी रिवाजाप्रमाणे पिंपळाखाली नागाचा दगड बसवला. ही ओलेत्याने प्रदक्षिणा घालायची आणि मी चपला सांभाळत उभा असायचो. त्यानंतरचा मुलगा जगला, त्यामुळे दोष हिचाच होता हे सगळ्यांना पटलं. अक्काने घरच्या एकाही बारशात हिला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही.

येलहंक्याला घरी येईपर्यंत मुलगा खुशीत बोलत होता. माझं लक्ष नव्हतं. हिला काय सांगून न्यायचं? साखर तपासायची म्हटलं तर येईल? आणि रक्तात निघालं तर? जेवण जाईना.

"अहो, कॅन्सर नाही ना? मग तोंड का असं?" हिने शेंगा सोलता सोलता विचारलं.

मी सगळं सांगितलं. शेंगा तशाच राहिल्या.

"म्हणजे दगड तुमच्या नावाने बसवायला हवा होता," ती म्हणाली. "रक्त देते मी. आधी अक्कांना फोन लावा."

"तिचं वय झालंय गं."

"माझं नाही झालं?"

मी फोन लावला. हिने स्पीकर चालू केला.

"काय रे, गाठीचं काय झालं?" अक्काने विचारलं.

"तेच सांगतो," मी म्हणालो, "आणि आमच्या दोन मुलांचंही."