राखून ठेवलेली बॅटरी

लिफ्टची कामं करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे 'सावकाश' म्हणत. कोणी पाना जोरात फिरवायला लागला की हा मागून हळूच म्हणणार, "सावकाश." कोणी जेवताना घाईघाईने घास गिळला तरी "सावकाश." साहेब तोंडावर ओरडले, "अहो, आटपा लवकर, खाली माणसं खोळंबलीत," तरी ह्याचं उत्तर तेच. हळूहळू हे नाव इतकं चिकटलं की इमारतीतली पोरंसुद्धा त्याला सावकाशकाका म्हणू लागली, आणि तो ओ देऊ लागला.

त्याचं म्हणणं साधं होतं. यंत्र म्हातारं होऊन मरत नाही, दमून मरतं. इमारतीच्या गच्चीवर मशीनरूम असते. तिथे लिफ्टच्या दोराशी जोडलेलं एक चाक असतं. लिफ्ट ठरल्यापेक्षा जोरात खाली जायला लागली की ते चाक तिला जागच्या जागी पकडतं. त्याला गव्हर्नर म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर त्याला कुठेतरी वाचायला मिळालं की फोनच्या प्रोसेसरचा वेग ठरवणारीही एक गोष्ट फोनमध्ये असते आणि तिचंही नाव गव्हर्नरच. त्याला एकदम दूरचा नातेवाईक भेटल्यासारखं झालं. तेव्हापासून माणूस हाताबाहेर गेला.

फोनच्या अगदी आत एक कर्नेल असतो, म्हणजे मुकादमच म्हणा. कोणी किती काम करायचं, किती वेगाने करायचं, कोणी झोपायचं आणि कोणाच्या हाकेला उठायचं, हे तो ठरवतो. कंपनीचा मुकादम ह्याला उधळ्या वाटायचा. जगभरातल्या रिकामटेकड्या हुशार लोकांनी स्वतः बनवलेले मुकादम इंटरनेटवर फुकट मिळतात. ते उतरवून घ्यायचे, फोनचं कुलूप मोडून आत बसवायचे, वरचे वेग बंद करायचे, व्होल्टेज किंचित उतरवायचं, असा त्याचा सुट्टीचा दिवस जायचा. शेजारपाजारचे जुने फोनही त्याच्याकडे येत. फोन हळू व्हायचा, पण दोन-दोन दिवस चार्जरचं तोंड बघायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी एकदा म्हणाल्या, "काका, कॅमेरा उघडेपर्यंत माझा नातू मिशा फुटून समोर उभा राहिला." तो मनापासून हसला आणि त्यांचा फोन पूर्ववत करून दिला. चार्जर बरोबर घेऊन फिरणाऱ्या लोकांची मात्र त्याला कीव यायची. स्वतःचा चार्जर त्याने कधी घराबाहेर नेला नाही.

आता गंमत अशी की हाच माणूस घरात तोंडातून शब्द काढायचा नाही. बायको घरीच कपडे दुरुस्तीचं काम करायची. चेन बदल, उंची कमी कर, अस्तर लाव. शिवणयंत्राच्या फळीवर तिचा फोन टेकवलेला असायचा आणि दुपारभर दूरच्या शहरातल्या लेकीशी तिच्या गप्पा चालायच्या. मधेच ती ओरडायची, "अहो, बोला की जरा!" मग हा पडद्यात डोकावणार, "बरी आहेस ना? बरं. ठेवतो, बॅटरी जाते." झालं बापाचं बोलणं. लेक हसायची. लग्नाआधीही ती त्याला म्हणायची, "बाबा, तुम्ही पण लो पॉवर मोडवरच असता." त्याला ते कौतुक वाटायचं. त्याचं प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? लेक सासरी जाताना त्याने तिच्या फोनची बॅटरी स्वतःच्या हाताने बदलून दिली होती. दुसरं काय द्यावं आणि कसं बोलावं, हे त्याला खरंच सुचत नसे.

त्या वर्षी लेकीच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण काढायला हवी होती, आणि आवाजाची नस तिच्या अगदी शेजारून जात होती. डॉक्टर म्हणाले, आवाज काही दिवस बसेल, बहुतेक परत येईल. ते 'बहुतेक' घरात सगळ्यांच्या घशात अडकलं. लेक लहान मुलांच्या वर्गावर शिकवायची; तिचं पोट आणि तिची हौस, दोन्ही त्या आवाजावर. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं आणि दोघांची तिकिटं काढून झाली.

बायको म्हणाली, "आता फोन अजिबात बंद पडता कामा नये हं. कधी काय लागेल." तिने एवढं सहज म्हटलं, आणि हा कामाला लागला. कधी नव्हे ते त्याला लेकीसाठी करण्याजोगं काहीतरी हातात आलं होतं. त्याने शोधून काढलं की पडदा बंद असताना वायफाय फोनला सारखं झोपेतून उठवतं आणि बॅटरी तिथेच गळते. नव्या कर्नेलमध्ये ते उठवणंच बंद करता येत होतं. त्याने आधी स्वतःच्या फोनवर ते करून पाहिलं. काही दिवस नीट तपासलं. काहीही बिघडलं नाही, बॅटरी तर पुरून उरली. मग बायकोच्या फोनमध्येही तेच बसवलं.

स्वतःच्या फोनवर काही बिघडलं नाही, कारण त्याच्या फोनवर वायफायवरून कोणी कधी हाकच मारत नसे. हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी तो जेवायला घरी आला होता. बायको यंत्रावर कोणाच्या तरी पँटची चेन उसवत होती आणि फोन शेजारी गप्प पडला होता. तेवढ्यात साधा, सिमवरचा फोन आला, जावयाचा. तो धापा टाकत होता.

"आई, तुम्ही दोघं आहात कुठे? आज सकाळी एक जागा रिकामी झाली म्हणून त्यांनी हिला आजच ऑपरेशनला घेतलं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या वॉर्डात रेंज नाही, नुसतं वायफाय आहे. ती त्यावरून सारखी लावत होती तुम्हाला. मी आत्ता रस्त्यावर येऊन लावतोय."

"अरे पण वाजलाच नाही रे! दे तिला, दे."

"आत नेलं तिला."

बायकोने फोन ठेवला आणि पडद्याला बोट लावलं. फोन आता पुरता जागा झाला आणि सकाळपासून अडलेलं सगळं धडाधड आत आलं. हुकलेले कॉल एकाखाली एक. मग लेकीचे निरोप. आई, उचल ना. आई, तुला नुसतं बघायचंय. बोलून घेऊ दे एकदा. शेवटचा होता: बाबांनाही लावून बघितलं. नेतायत आता. असो.

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. तिथेही तेच होतं. काय झालं ते त्याला एका क्षणात कळलं, आणि त्या घरात ते कळण्याजोगा तो एकटाच होता. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. नेटवर्कच्या माथी काय वाटेल ते मारता येतं. पण तो खोटा माणूस नव्हता.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी वायफायला सांगून ठेवलं होतं, उठवायचं नाही म्हणून."

बायकोने फोन त्याच्यासमोर धरला. कोपऱ्यात बॅटरी नव्वद टक्के होती.

"एवढी राखून ठेवलीत," ती म्हणाली, "ती कोणासाठी हो?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि पिशवी भरायला लागली.

ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप निघायच्या आधीच आला. बस सुटेपर्यंत त्याने स्टँडवरच्या बाकावर बसून दोन्ही फोनांत कंपनीचा मूळ मुकादम परत बसवला. इतक्या वर्षांची विद्या त्याने मुकाट्याने पुसून टाकली. त्याला स्वतःला मात्र लगेच निघता येईना. गुडघ्याच्या दवाखान्याच्या इमारतीतल्या लिफ्टचं काम त्याने उघडून ठेवलं होतं, आणि कुबड्या घेतलेल्या माणसांना जिन्याने पाठवणं त्याच्याने होणार नव्हतं. बायको एकटी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये दोराला ग्रीस लावत होता. फोन वाजला. आता तो चांगला खणखणीत वाजत होता.

"शुद्धीवर आहे, जेवली थोडं," बायको म्हणाली. "आवाज अजून नाही. डॉक्टर म्हणतात, जोर लावू नकोस, आपोआप येईल तेव्हा येऊ दे. ऐकू सगळं येतं. मी स्पीकरवर टाकते, तुम्ही बोला."

"मी काय बोलू? रागावली असेल ती."

"असेलच. मी नव्हते का रागावले?"

"तिला बोलता येत नाही आणि मला..."

"अहो, परक्या माणसांशी तासन् तास बोलता की तुम्ही लिफ्टच्या दारातून! ती लिफ्टमध्ये अडकलीय असं समजा. आणि बोला."

हे मात्र खरं होतं. लिफ्ट अडकली की ह्याचा एक नियम होता: आधी आतल्या माणसाशी बोलायचं, मग यंत्राला हात लावायचा. घाबरलेलं माणूस दार ओढतं, उड्या मारतं आणि स्वतःला इजा करून घेतं. म्हणून हा दाराला तोंड लावून बोलत बसायचा. तुमचं गाव कुठलं, घरी कोण कोण, मी इथेच आहे. अशा वेळी त्याला शब्द कमी पडत नसत. सुटून बाहेर आलेल्या कितीतरी बायका त्याला भाऊ म्हणायच्या.

त्याने हात फडक्याला पुसले आणि उलट्या डब्यावर बसला.

"ऐकू येतंय का? येत असेल तर एकदा टकटक कर. नसेल तर दोनदा."

बऱ्याच वेळाने पलीकडून एक टकटक.

"घाबरू नकोस. मी इथेच आहे." हे तो नेहमीच्या सवयीने म्हणून गेला. "काल नव्हतो. तू हाका मारत होतीस आणि मी दोन्ही फोन झोपवून ठेवले होते. बॅटरी वाचवत होतो. तुझ्यासाठीच वाचवत होतो, पण मूर्खपणा तो मूर्खपणाच. तू लहान असताना आपल्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकलीस, आठवतं? मी वर हाताने चाक फिरवत होतो आणि वरून ओरडून तुला गोष्ट सांगत होतो."

एक टकटक. ह्या वेळी लगेच.

मग तो बोलतच सुटला. त्या दिवशी भीतीने त्याचेच हात कसे कापत होते ते बोलला. तिच्या लग्नानंतर शिवणयंत्राजवळच्या खुर्चीत बसावंसं वाटत नाही, ते बोलला. वरच्या आजींचा मिशांचा किस्सा सांगितला, तेव्हा पलीकडून भराभर टकटक आली आणि बायको म्हणाली, "हसतेय हो ती."

तेवढ्यात फोनने बारीक आवाज केला. मूळ मुकादम उधळ्या खरा, आणि बॅटरी तर जुनीच. पडद्यावर लाल रेघ दिसत होती. भिंतीत प्लग होता, पण चार्जर घरी. आयुष्यात पहिल्यांदा तो घाईला आला.

"ऐक, फोन बंद पडेल आता, चार्जर नाही माझ्याकडे, तरी ऐक, उद्या हे काम संपवतो आणि संध्याकाळच्या बसने येतो, आणि आवाज येईल तुझा, नाही आला तरी मी आहे, मी बोलेन, मला येतं बोलता, आजवर उगाच, म्हणजे तुला सांगायचं असं होतं की..."

पलीकडे काहीतरी खरवडल्यासारखं झालं. बायकोचा "अगं, नको" असा शब्द ऐकू आला. आणि मग गंजलेल्या बिजागरीसारखा, पण ओळखीचा, अगदी त्याच्या लेकीचा आवाज.

"बाबा," ती म्हणाली, "सावकाश."

फोन बंद पडला. बंद फोन तसाच कानाला लावून तो त्या डब्यावर बसून राहिला.