अंगठा लावून येते

लॅबच्या दारातच मला वास आला. गोडसर, नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा. आमच्या वर्गात नेलपॉलिश लावणारं कुणी नव्हतं. ग्रीसने काळी झालेली नखं मात्र भरपूर होती.

मी टेबलाकडे पाहिलं. सरावासाठी मिळालेले इलेक्ट्रिक स्कूटरचे जुने बॅटरी पॅक एका ओळीत मांडून ठेवले होते, दिवाळीत फराळाची ताटं मांडतात तसे. त्यातला कडेचा एक चार्जिंगला लावलेला होता. त्यात पाणी गेलेलं होतं. म्हणून मी स्वतःच्या हाताने त्याच्यावर लाल टेप चिकटवली होती आणि तो वेगळा ठेवला होता. टेप गायब.

"हा कुणी लावला?"

आमच्या संस्थेचे संचालक पाठक सर म्हणाले, "मीच लावला. साहेब येतायत ना. चार्जरचे दिवे लागलेले असले की लॅब चालू वाटते. ती टेप बरी दिसत नव्हती."

पाठक सर माणूस वाईट नाही. फक्त त्यांना वस्तू कशी आहे यापेक्षा कशी दिसते याची काळजी जास्त.

आता थोडं मागचं सांगते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर हडपसरच्या एका औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या गाळ्यात चालणाऱ्या या केंद्रात शिकवायला लागले. पर्यावरणपूरक उद्योगांसाठी कामगार तयार करायची एक सरकारी योजना आहे. पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना आम्ही इलेक्ट्रिक गाड्या शिकवायच्या, त्याचं अनुदान सरकार हप्त्याहप्त्याने देणार. प्रत्येक हप्त्याआधी एक पडताळणी अधिकारी येऊन पाहणार, वर्ग खरंच भरतो की कागदावरच. त्या दिवशी ते अधिकारी, जगताप साहेब, यायचे होते.

वर्ग भरतो याचा सरकारी पुरावा एकच, अंगठ्याचं मशीन, वीज गेली तरी स्वतःच्या बॅटरीवर आणि सिमकार्डावर चालणारं. येताना एकदा अंगठा, जाताना एकदा. जातानाचा राहिला तर अख्खा दिवस गैरहजर. आणि मशीन वर्गाच्या, म्हणजे आमच्या लॅबच्या, आतच हवं, मागच्या भिंतीवर, असा नियम. म्हणजे रस्त्यावरून जाता जाता कुणी अंगठा लावून पळायला नको. नियम करणाऱ्याने चोराचा विचार केला होता. आगीचा केला नव्हता.

मी आधी भिंतीवरचं मेन बटण पाडलं. चार्जरचे दिवे गेले. मग कपाटातून तापमान मोजायची बंदूक काढली, करोनात कपाळावर धरायचे तसलीच, फक्त जास्त तापमान मोजणारी. लांबूनच पॅकवर रोखली. आकडा चढत होता. थोडं थांबून पुन्हा पाहिलं. अजून चढत होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इस्त्रीचा प्लग काढला की इस्त्री निवते. लिथियमची बॅटरी बिघडली की तसं होत नाही. आतला एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. बाहेरून वीज लागत नाही, आतूनच कारभार चालतो. गोड वास हे पहिलं लक्षण. मग पांढरा धूर आणि मग आग. मध्ये किती वेळ मिळेल हे कुणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही.

"सगळे बाहेर," मी म्हणाले. "बॅगा इथेच राहू देत. गेटजवळच्या कडुनिंबाखाली उभे राहा. चला."

नेमकी तेव्हाच गेटवर गाडी थांबल्याचा आवाज आला. पाठक सरांचा चेहरा पडला.

"मॅडम, साहेब आले! पाचच मिनिटं. मुलांना जागेवर बसू द्या. एक ग्रुप फोटो होऊ द्या, मग काय ते करा."

"फोटो निघेल सर. हार घालायच्या उपयोगाचा."

"अहो, हप्ता अडकेल! गाळ्याचं भाडं थकलंय."

"गाळा राहिला तर भाडं. व्हा बाहेर. तुम्हीसुद्धा."

मुलं उठली. मी त्यांना मुलं म्हणते, त्यातले अर्धे मुलाबाळांचे बाप होते. धक्काबुक्की न करता, ओळीने बाहेर गेली. या दिवसासाठीच आम्ही सराव केला होता आणि मला त्यांचा अभिमान वाटला, तेवढ्यापुरता. मी सगळ्यात शेवटी निघाले आणि दार ओढून घेतलं.

कडुनिंबाखाली जगताप साहेब फाइल काखेत धरून उभे होते. पन्नाशीचा, शांत माणूस. "वर्ग बाहेर कसा?" त्यांनी विचारलं. मी एका वाक्यात सांगितलं. त्यांनी लगेच फोन काढून अग्निशमन दलाला लावला. पाठक सरांना हे सुचलं नव्हतं.

मी डोकी मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. एक कमीच.

"वैशाली कुठाय?"

तिच्या शेजारी बसणारा मेकॅनिक चाचरत म्हणाला, "मॅडम, ती म्हणाली, अंगठा लावून येते. मागच्या शटरकडनं गेली."

वैशाली लोणी काळभोरची. हायवेला तिच्या नवऱ्याचं टू-व्हीलरचं गॅरेज. इलेक्ट्रिक स्कूटर आली की तो हात जोडायचा आणि गिऱ्हाईक पुढे जायचं. तो शिकायला तयार नव्हता, म्हणून ही आली. सर्टिफिकेट मिळालं तर एक कंपनी त्यांच्या गॅरेजला आपलं सर्व्हिसिंग द्यायला तयार होती. पण मध्यंतरी सासूचं ऑपरेशन झालं आणि वैशालीचे बरेच दिवस बुडाले. आणखी एक गैरहजेरी लागली तर नाव कटणार होतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

आणि मग बंद दाराआडून मला तो आवाज ऐकू आला. मशीनमधल्या बाईचा, गोड, थंड आवाज.

"प्लीज ट्राय अगेन."

मी दार उघडलं. जमिनीलगत पांढरा धूर पसरायला लागला होता. वैशाली मागच्या भिंतीशी पाठमोरी उभी होती. अंगठा मशीनवर दाबत होती, ओढणीला पुसत होती, पुन्हा दाबत होती. घामाने ओला झालेला अंगठा ते मशीन ओळखत नाही. आणि अशा वेळी घाम येणार नाही तर काय येणार?

"वैशाली! सोड ते!"

"आलेच मॅडम! एकदाच!"

"प्लीज ट्राय अगेन."

एकदा बाहेर पडल्यावर आत जायचं नाही, कुणासाठीही नाही. हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. तोंडाला ओलं फडकं बांधून या धुरात काही उपयोग होत नाही, हेही शिकवते. मी श्वास धरला आणि आत गेले. विचार करून गेले असं म्हणणार नाही. पाय गेले.

टेबलाला वळसा घालताना पॅकमधून तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. मी तिच्या एप्रनची कॉलर धरून मागे खेचलं. तिने हात लांब केला होता. मी खेचतेय आणि हिचा अंगठा मशीनवर.

"थँक्यू," मशीन म्हणालं.

मागचं शटर तिने येताना अर्धंच वर केलं होतं. त्याच्याखालून आम्ही अक्षरशः लोळत बाहेर पडलो. आत फट्‌कन आवाज झाला, मग लागोपाठ अनेक, आणि खिडकीच्या काचेत केशरी उजेड दिसला. आम्ही गाळ्याला वळसा घालून गेटकडे पळालो.

वैशाली खोकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि चेहऱ्यावर आनंद.

"लागला मॅडम," ती म्हणाली. "थँक्यू म्हणालं."

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले.

अग्निशमन दलाचे लोक आले. त्यांनी पाणी मारलं, मारतच राहिले. या आगीवर तेवढंच चालतं. लॅबचं टेबल, कपाटं, सगळे पॅक गेले. मशीनचं प्लास्टिक वितळून भिंतीवरून ओघळलं. आम्हा दोघींना रात्रभर दवाखान्यात ठेवलं आणि सकाळी सोडलं. बाकी कुणाला ओरखडाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी जगताप साहेब पंचनाम्याला आले, तेव्हा त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, हे बघा."

योजनेच्या हजेरीच्या पोर्टलवर कालची तारीख होती. त्यापुढे, हजर: एक. मशीन जळण्याआधी वैशालीचा अंगठा इंटरनेटवरून मुंबईला पोचला होता. जातानाचा अंगठा फक्त तिचाच होता.

"तुम्ही स्वतः झाडाखाली सगळ्यांना पाहिलंत," मी म्हणाले.

"पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं भरायला पोर्टलवर जागा नाही. मी शेरा लिहीन. वाचतील की नाही, सांगता येत नाही."

त्यांनी प्रामाणिकपणे शेरा लिहिला. हप्ता तरीही बरेच महिने अडकला. बाकीच्यांच्या रजेचे दिवस शिल्लक होते म्हणून कुणाचं नाव कटलं नाही. पाठक सर पदरचे पैसे घालून केंद्र चालवत राहिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आता ते लॅबमध्ये चहाचा कपसुद्धा मला विचारून ठेवतात.

राहिला प्रश्न वैशालीचा. कोर्सचे थोडेच दिवस उरले होते. हजेरी तोवर पुरी, परीक्षेत मार्क चांगले. पण सर्टिफिकेटवर सुरक्षेच्या विषयापुढे माझी सही लागते. ती मी केली नाही.

"हजेरी हाय की मॅडम माझी!" ती भडकली. "जीव टाकून लावलीय."

"माहितेय. म्हणूनच नापास आहेस."

"मंग करू काय? माझ्या गॅरेजचं काय?"

"परत एकदा करून दाखव. कधी, ते सांगणार नाही."

ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आमचा वर्ग शेजारच्या गाळ्यात सुरू झाला होता. नवं मशीन आलं होतं आणि नियमाप्रमाणे पुन्हा मागच्या भिंतीवर बसलं होतं. एका संध्याकाळी सुटायच्या वेळी सगळे अंगठ्याच्या रांगेत उभे राहिले. वैशाली सगळ्यात पुढे होती. तिने हात उचलला आणि मी शिट्टी फुंकली.

दुष्टपणा होता तो. पण आग वेळ बघून येत नाही.

वैशालीचा अंगठा मशीनपासून वीतभर अंतरावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला, वळली, आणि मागे न बघता दारातून बाहेर गेली. मी कडुनिंबाखाली पोचले तेव्हा ती तिथे उभी होती. डोळे भरलेले होते.

"गेला माझा दिवस," ती म्हणाली. "करा आता पास."

मी डोकी मोजली. पुरी भरली. मग म्हणाले, "हा सराव होता. आता सगळे आत जा आणि निवांत अंगठे लावा."

सगळे हसले. वैशाली हसली नाही. आत जाताना माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही लई वाईट हाय." मी त्याच दिवशी सही केली.

मशीन गेटवर हलवायची परवानगी आम्ही मागितली होती. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. पण मशीन चार स्क्रूंवर असतं आणि मी मेंटेनन्सची बाई आहे. आता ते कडुनिंबाशेजारच्या खांबावर असतं, वर पत्र्याचं छप्पर करून. तपासणीला कुणी आलं आणि विचारलं, तर मी त्यांना जुन्या गाळ्यातली ओघळलेली भिंत दाखवते. मग सहसा कुणी पुढे विचारत नाही.

वैशालीच्या गॅरेजवर कंपनीची पाटी लागली. पाणी गेलेल्या बॅटऱ्या ती बाहेर, शेडपासून लांब ठेवते आणि त्यांच्यावर लाल टेप लावते. मध्ये गेले होते तेव्हा नवऱ्याने एक उचलून आत आणली, म्हणून गिऱ्हाइकासमोर त्याला झापत होती. मला फार बरं वाटलं.

पोर्टलवर मात्र ती तारीख अजून तशीच आहे. जळत्या खोलीत परत शिरलेली एक बाई हजर. सांगितल्याबरोबर बाहेर पडलेले बाकीचे सगळे गैरहजर, आणि सगळे धडधाकट.