रोह्यांची पेरणी

माझं दर्यापुरात वेल्डिंगचं दुकान आहे, घर जवळच्या खेड्यात. दुकानात दोन गोष्टी साचतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला महिन्यातून एकदा टेम्पो येतो. किस्से कोणी नेत नाही, ते माझ्याकडेच पडून राहतात. त्यात गेल्या वर्षी आम्ही चौघांनी जंगली जनावरांसाठी पेरणी केली, तेव्हापासून तर ठेवायला जागा उरली नाही. म्हणून आज तुमच्यापुढे रिकामं करतोय.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. एक मी, विलास. दुसरे गुरुजी, शाळेतून रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. तिसरा गजू. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि हे तो दिवसातून चारदा सांगतो. चौथ्या कमलाकाकू. आमच्या गावच्या गायरानाला लागून त्यांचं तीन एकर वावर आहे. काका गेल्यापासून एकट्या पाहतात, आणि असं पाहतात की धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही, गवताची काडी दिसायची नाही.

दुःख एकच होतं. गायरानात रोह्यांचा कळप. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. काकूंचा हरभरा घाट्यावर आला, शेंगा भरल्या की कळप वावरात उतरायचा. सलग तीन वर्षं घरात हरभऱ्याचा दाणा आला नाही. काकूंनी बुजगावणं उभं केलं. काकांचा जुना सदरा, पांढरी टोपी, हातात काठी. रोही येऊन त्याला पाठ घासायचे आणि मग जेवायला बसायचे.

गुरुजींनी उपाय काढला. गायरानातच पाच लहान तुकडे घ्यायचे, चार-चार पाच-पाच गुंठ्यांचे. त्यात मारवेल गवत आणि ज्वारी पेरायची. जनावराला घरीच पोटभर मिळालं तर ते बाहेर कशाला जाईल? ग्रामसभेत हे मांडलं तर लोक पोट धरून हसले. सरपंचांनी विचारलं, आता रोह्यांना सातबाराही देऊ का.

तेव्हा काकू उठल्या. ग्रामसभेत त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"एक हंगाम द्या. हरभऱ्याच्या टायमापर्यंत नाई जमलं, त मी मायं वावर दुसऱ्याले बटईनं देऊन टाकीन न् पोराजवळ पुण्याले जाईन. मंग कोणाले माया तरास नाई."

हा पण साधा नव्हता. कारण काकू याआधी एकदा पुण्याला राहायला गेल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या होत्या. तिथं पाय ठेवायला माती नाही म्हणाल्या. सभेनं एक हंगाम दिला.

बी तयार होतं. गुरुजींनी दिवाळीपासून बांधाबांधावर फिरून मारवेलचं चार पोती बी ओरबाडून ठेवलं होतं. प्रश्न एवढाच राहिला, पेरायचं कशानं? आणि इथून आमची अक्कल कामाला लागली.

*

पहिला मान गजूनं घेतला. वाफसा आला तसा तो ट्रॅक्टरमागं नऊ दात्यांचं पेरणीयंत्र लावून गायरानात हजर. तुकडा चार गुंठ्यांचा. ट्रॅक्टर आत शिरला, तेवढ्यात तुकडा संपला. वळवायला गेला तर मागचं चाक बाभळीत. एका तुकड्यात जेवढं पेरलं त्याच्या तिप्पट त्यानं तुडवलं. बी नळ्यांत अडकलं की उतरून काठीनं ढोसायचा; तसं एक पोतं संपवून गजू मिशीवर हात फिरवत घरी गेला.

दहा दिवस झाले, गवताचा पत्ता नाही. यंत्राची खोली सोयाबीनची होती, तेवढ्या खोलवरून मारवेल काय वर येतं! पण सोयाबीन मात्र उगवलं. पेटीच्या तळाशी आदल्या पेरणीचं राहिलं होतं ते. शिवाय निघताना गजू यंत्र उचलायला विसरला होता. म्हणून सोयाबीनची ओळ तुकड्यातून निघाली, गायरान ओलांडून गेली आणि थेट काकूंच्या वावराच्या तोंडाशी जाऊन थांबली.

रोही ती ओळ खात खात, एकामागं एक, बरोबर काकूंच्या वावरात आले.

काकू गजूला एवढंच म्हणाल्या, "आतापर्यंत बिचारे वाट शोधत येत जात."

*

मग मी म्हटलं, बाजूला व्हा, हे काम कारागिराचं आहे. दोन दिवस दुकान बंद ठेवून मी मशीन बनवलं. छातीवर अडकवायची पत्र्याची पेटी, खाली फिरती चकती, बाजूला हँडल. हँडल फिरवत चालायचं, बी चारी बाजूंना उडतं. लाल रंग दिला. पुढं विलास इंजिनिअरिंग असं पांढऱ्या अक्षरात लिहिलं.

गावातली वीसेक माणसं पाहायला आली. मी पेटी गळ्यात घातली, काकूंनी दुसरं पोतं आत रिकामं केलं आणि मी निघालो. हँडल काय फिरत होतं! ऊन असं की घाम डोळ्यांत जात होता, पण मी तुकड्याला पाच फेऱ्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेटी उतरवून आत पाहिलं.

पेटी जशीच्या तशी भरलेली.

मारवेलचं बी कापसासारखं हलकं आणि केसाळ. एकमेकांत असं गुंततं की त्याचा गठ्ठा होतो, खाली पडतच नाही. काकूंनी पेटीत हात घातला, आणि मला अजून आठवतं, त्या हसल्या नाहीत. गंभीर तोंडानं म्हणाल्या, "मशीन लय चांगलं हाये गा विलास. बी वाया जात नाई."

ते बी मी नंतर हट्टानं तिथंच हातानं फेकलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. बी गेलं आणि माझा तोराही गेला.

*

तिसरी पाळी गुरुजींची. गुरुजी मोबाइलवर सगळं पाहतात. त्यांनी अकोल्याहून ड्रोनवाला बोलावला. फवारणीचा ड्रोन होता, त्याला बी टाकायचा डबा जोडला होता. ड्रोनवाल्यानं बजावलं, वीस फूट लांब उभे राहा. आम्ही लांब गेलो. गुरुजी मात्र शिस्त पाहायला तुकड्याच्या कडेलाच थांबले, वहीत वेळ लिहीत.

ड्रोन वर गेला. डबा उघडला. पंख्यांचा वारा असा की बी खाली येण्याऐवजी गरगर फिरत बाजूला गेलं आणि अर्ध्याहून जास्त गुरुजींवर बसलं. केसांत, भुवयांत, स्वेटरला. उन्हाळ्यातही गुरुजी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालतात, त्याला तर बोट ठेवायला जागा राहिली नाही. ड्रोनवाल्यानं तिसरं पोतं संपवलं आणि चहा न घेता गेला.

आम्ही गुरुजींना झटकायला धावलो, तर काकूंनी अडवलं.

"झटकू नोका. गुरुजी, तुमी जरा पलॉटात जाऊन लोळा. सारं पेरलं जाईन."

*

हसलो, पण त्या संध्याकाळी कोणालाच जेवण गेलं नाही. एक पोतं उरलं होतं. पेरणीचे दिवस सरत चालले होते. सरपंच जाता-येता काकूंना विचारायचे, पुण्याचं रिझर्व्हेशन केलं का. काकू खाली पाहून पुढं जायच्या, आणि ते आम्हाला जास्त लागायचं. शेवटी सारी अक्कल आमची पाजळलेली आणि वावर त्यांचं जाणार होतं.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागायला. पाहतो तर अंगणात बाज टाकलेली, बाजेवर मारवेलचं शेवटचं पोतं ओतलेलं, आणि काकू पातळ शेण-मातीत हात भरून ते बी बाजेवर चोळत होत्या. चोळलं की केस बसायचे आणि बी सुटं होऊन बाजेच्या विणीतून खाली सावलीत पडायचं. खाली सुट्ट्या दाण्यांचा ढीग झाला होता.

मी वाकून बाजेखाली पाहिलं. अहो, आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं! पाकिटातलं बियाणं येण्याआधी सरकी अशीच तंतूंसकट असायची, आणि गावातली प्रत्येक बाई ती अशीच बाजेवर शेण-मातीत चोळायची. माझी आई दरवर्षी करायची आणि मी बाजेखाली लपून बसायचो. हे मी विसरलो होतो, आणि वेल्डिंग करत बसलो होतो. लाज वाटली आणि आनंदानं ओरडावंसंही वाटलं.

"काकू, आधी काहून नाई सांगतलं?"

"तुमी तिघं इतके खुश होते. मले वाटलं, जमून राहिलं असंन."

*

माळ्यावरून बैलांनी ओढायची जुनी तिफण निघाली आणि तिच्यासोबत काकूंचा सरता. सरता म्हणजे पोकळ बांबूची नळी, वर वाटीसारखं लाकडी तोंड. तो दोरीनं तिफणीला बांधायचा आणि बाईनं मागून चालत मुठीतलं बी त्यात सोडायचं. तिफणीतून ज्वारी खोल पडणार, सरत्यातून गवत वरच्या वर. नऊ दात्यांना जे जमलं नाही ते एका नळीला जमणार होतं.

बैल काकूंचे, तिफण हाकायला गजू, ज्वारी सोडायला मी, सरत्यावर काकू. गजू पंधरा वर्षांनी बैलांमागं उभा राहिला. पहिल्याच वळणावर त्यानं सवयीनं पाय जोरात खाली दाबला. बैल थांबले नाहीत, गजू काकराच्या सरीत आडवा झाला. पण बाकी काय सांगू, बैल बाजेएवढ्या जागेत वळत होते! पाचही तुकडे दुपारपर्यंत पेरून झाले. गुरुजी मागून बाभळीची फांदी ओढत माती सारखी करत होते, स्वेटरसकट.

आठव्या दिवशी गायरानात हिरव्या ओळी होत्या. काकूंनी त्या बोटानं मोजत मोजत पाहिल्या आणि पदर डोळ्यांना लावला. गजू तर नाचला, अक्षरशः.

*

ही बातमी तालुक्याला गेली आणि एक साहेब फॉर्म घेऊन पाहणीला आले. माणूस सज्जन, फॉर्मच कडक. त्यांनी काकूंनाच विचारायला घेतलं. पेरणीसाठी वापरलेलं यंत्र? काकूंनी सरता दाखवला. किती एचपीचं?

"दोन बैल न् एक बाई. लिवा."

साहेबांनी लिहिलं. कंपनी कोणती, विचारलं.

"कौंडण्यपूर. माहेरून आणला."

खरेदीचं वर्ष विचारायच्या आधी साहेबांनी पेन बंद केलं आणि सरता हातात घेऊन नळीतून आरपार पाहिलं. सरपंचही सोबत होते. त्यांनी त्या दिवसानंतर रिझर्व्हेशनचं नाव काढलं नाही.

*

ज्वारी छातीला लागली आणि नवीनच संकट आलं. रोह्यांना आवडायच्या आधी ती गावाला आवडली. कोणाच्या शेळ्या चुकून आत, कोणाची म्हैस दावं तोडून नेमकी तिथंच. एक दिवस तर काकूंनी गजूला विळ्यासकट पकडलं. काखेत ज्वारीचा भारा होता.

"चाखून पाहून राहिलो," गजू म्हणाला. "जनावरायले बाधते का म्हनून."

*

थंडीत काकूंचा हरभरा घाट्यावर आला. तीन एकर, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत भरलेला, कुठं एक झुडूप मोडलेलं नाही. काकूंनी आम्हाला वावरात बोलावलं. काड्यांचा जाळ केला, त्यात हिरवे घाटे भाजले आणि आम्ही चौघं हात-तोंड काळं करून खात बसलो. काकू म्हणाल्या, चार वर्षांनी ही चव तोंडाला लागली. गुरुजींनी स्वेटरला हात पुसले, म्हणजे बघा.

खाता खाता गजूच्या लक्षात आलं की वावरात बुजगावणं नाही. मी म्हटलं, पडलं असेल वाऱ्यानं. काकूंनी मान हलवली.

"त्याची बदली केली. गायरानात हाये."

आम्हाला काही कळेना. रोह्यांसाठी पेरलं आणि तिथंच बुजगावणं? रोही भिऊन परत वावरात आले म्हणजे? गुरुजी तर घाबरूनच उठले. आम्ही तिघं घाईघाईनं धुरा ओलांडून गायरानात गेलो.

मधल्या तुकड्यात नऊ रोही निवांत चरत होते. त्यांच्या पलीकडे बुजगावणं उभं होतं. काकांचा सदरा धुतलेला, टोपी नीट बसवलेली, हातात नवी काठी.

रोह्यांकडे त्याची पाठ होती. तोंड गावाकडं होतं.