जेवणानंतरची गोळी

माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्तदाबाचा वरचा आकडा अकरा वर्षं नव्वदच्या पुढे क्वचितच गेला. तिचं सासर हिंगोली जिल्ह्यात, साखऱ्याला. दुसऱ्या बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला. नंतर अंगावर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही. बाळ शेळीच्या दुधावर वाढलं. तिला उभं राहिलं की अंधारी यायची, दोन घागरी पाणी आणलं की छाती धडधडायची.

दाजी तिला जीपने जवळच्या गोरेगावला नेत. तिथले डॉक्टर दंडाला पट्टा बांधत, ‘बीपी लो’ म्हणत आणि सलाईन लावत. दोन दिवस बरं वाटे. आमच्या भागात सलाईन लागली म्हणजे इलाज झाला असं धरतात.

‘ट्रॅक्टरला डिझेल, अन् हिला सलाईन,’ सासू म्हणायची.

‘मंग ट्रॅक्टरवानी भाड्यानं तरी द्या मला, आत्याबाई,’ बहीण झोपूनच उत्तर द्यायची.

अकराव्या वर्षी मी तिला हिंगोलीला एका डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतर दूध आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. तपासण्या आल्यावर त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. ती आपला हार्मोन रक्तात सोडते, तो मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करायला लावतो. कॉर्टिसॉल नसेल तर रक्तवाहिन्या नीट आवळत नाहीत. दाब पडतो, आणि तो सावरायला हृदय जोरात पळतं. बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा बहिणीची ही ग्रंथी रक्ताविना मेली होती.

दोन गोळ्या सुरू झाल्या. थायरॉईडची उपाशीपोटी, कॉर्टिसॉलच्या जागी स्टेरॉईडची जेवणानंतर. ‘ही दुसरी एक दिवसही चुकवायची नाही. उलट्या झाल्या तर इंजेक्शन लागतं,’ डॉक्टर म्हणाले. मी एका डब्यावर पेनने ‘उपाशीपोटी’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘जेवणानंतर’. बाकीचं दाजींना तोंडी सांगितलं.

तीन आठवड्यांत दाब एकशे दहा झाला. ती खुरपायला जाऊ लागली. सासूशी उभ्याने भांडू लागली. असं दीड वर्ष गेलं.

आजारात तिने देवीला बोलून ठेवलं होतं, बरी झाले तर नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहीन. त्या वर्षी तिने घट बसवले आणि उपवास धरला. तिसऱ्या दिवशी मी फोन केला.

‘गोळ्या घेऊन राहिलीस ना?’

‘घेऊन राहिले की. तू काहून रोज तेच इचारतो?’

ती घेत होती, उपाशीपोटीची. जेवण नव्हतं, म्हणून जेवणानंतरची घेतली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी तिला उलट्या झाल्या. घरातले बाकी सगळे सोयाबीनच्या सोंगणीला गेले होते. सासू एकटी घरी होती, तिने दाजींना बोलावून आणलं. जीप गोरेगावला थांबली, सवयीने. नाडी एकशे चाळीस, दाब साठ. सलाईन लागली. हिंगोलीचे कागद घरीच राहिले होते. दुसरी बाटली अर्ध्यावर असताना दाजींनी मला फोन केला. मी स्टेरॉईडचं इंजेक्शन द्यायला सांगा म्हणालो. ते दाजींनी डॉक्टरांना सांगेपर्यंत नाडी लागत नव्हती.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. थायरॉईडच्या गोळीने शरीराचं काम वाढतं आणि उरलासुरला कॉर्टिसॉल लवकर संपतो. दोन्ही बंद केल्या असत्या तर कदाचित थोडे दिवस जास्त मिळाले असते.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, दाजींनी दोन्ही डबे माझ्यासमोर ठेवले. ‘जेवनच न्हाई, तं जेवनानंतरची कशी घ्यावं, भाऊ? ती मला म्हनली, मलाबी बराबर वाटलं.’

मी डबे हातात घेतले. अक्षर माझंच होतं, सुवाच्य होतं.

सासू भिंतीला टेकून बसली होती. ‘चार दिस गोळी चुकली म्हून मरतं व्हय मानूस?’ तिने मला विचारलं. तिच्या आवाजात ठपका नव्हता. तिला माहीत करून घ्यायचं होतं.

‘व्हय,’ मी म्हणालो.